नळी बदललेली नव्हती

एकोणीस वर्षं ती लोकांच्या घरी जाऊन रक्त घेत होती, आणि एकोणीस वर्षांत एकदाही तिच्या हातून नळीची अदलाबदल झालेली नव्हती. हे वाक्य ती स्वतःच सांगायची. कुणी विचारेल म्हणून वाट बघत बसायला तिला वेळ नव्हता.

सगळे तिला सुईताई म्हणत. खरं नाव लॅबच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. अंगाने बारकी, चालण्यात घाई, आणि जिभेला धार सुईपेक्षा थोडी जास्तच. खांद्याला निळी पिशवी. तिच्यात बर्फाच्या पाकिटांचा डबा, रबरी पट्टी, कापूस, स्पिरिट आणि रंगीत झाकणांच्या नळ्या. सकाळी सहाला पहिली बेल. बेल एकदाच वाजवायची. दार उघडायला उशीर झाला की म्हणायची, "सुईला घाबरून लपला होतात की खरंच झोपला होतात?"

तिचा एक नियम होता. नळीवर लेबल आधी घरून चिकटवून आणायचं नाही, आणि नंतर जिन्यात चिकटवायचं नाही. रक्त काढलं की माणसाच्या डोळ्यांदेखत चिकटवायचं, मग नळी त्याच्याच हातात द्यायची. "वाचा." मोठ्याने वाचायचं, स्वतःचं नाव. चष्मा सापडत नसेल तर सगळ्या घराला शोधायला लावायची, पण वाचल्याशिवाय नळी डब्यात जायची नाही. लोक वैतागायचे. एक आजोबा दर वेळी म्हणत, "अगं, माझं नाव मला ऐंशी वर्षं पाठ आहे." ती म्हणे, "मला नाही ना."

साखर, हिमोग्लोबिन असल्या तपासण्यांना ती फार भाव देत नसे. हॉर्मोनचं नाव कागदावर दिसलं की मात्र कान टवकारायची. हॉर्मोन म्हणजे अंगातल्या अंगात धावणारे निरोप्ये. कुणी मानेतून निघतो, कुणी पोटातून, कुणी डोक्याच्या तळाशी बसलेल्या वाटाण्याएवढ्या गाठीतून. थेंबाच्या कणाएवढे, पण झोप, भूक, वजन, राग, पाळी, सगळं त्यांच्या शब्दावर हलतं. आणि हे निरोप्ये वेळेचे पक्के. सकाळी एक बोलतात, संध्याकाळी दुसरं. म्हणून चुकीच्या वेळी रक्त घेतलं तर यंत्र खोटं बोलत नाही, पण खरंही सांगत नाही.

हे तिला कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. दारोदार फिरून शिकली होती. रात्रपाळीच्या एका वॉचमनला सकाळी आठची कॉर्टिसॉलची तपासणी लिहून दिलेली. ती गेली तर बिचारा नुकताच ड्यूटीवरून आलेला, उभ्या उभ्या पेंगत होता. तिने विचारलं, "तुमची सकाळ कधी होते?" तो म्हणाला, "दुपारी चारला." तिने तिथूनच लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला आणि सांगितलं की ह्या माणसाची सकाळ दुपारी होते, मी तेव्हा येते. डॉक्टर आधी चिडले, मग बरं म्हणाले. प्रोलॅक्टिनची तपासणी असलेल्या एका बाईच्या घरात पाऊल टाकताच तिला कळलं की आत्ताच नणंद-भावजयीचं वाजलंय. "अर्धा तास बसा," ती म्हणाली, "राग रिपोर्टात उतरतो." आणि नणंदेला चहा करायला पाठवलं. चोवीस तासांची लघवी बरणीत जमा करायला सांगितलेल्या एका निवृत्त साहेबांनी तर फक्त दहा ते पाच एवढीच जमा केली होती. ऑफिसची वेळ. ती जिन्यात बसून पोट धरून हसली आणि नवी बरणी देऊन आली.

तर अशा बाईवर नळी बदलल्याचा आळ आला.

आळ घेणाऱ्या होत्या गाण्याच्या बाई. शाळेत तीस वर्षं गाणं शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, कपाळाला आठी असलेल्या. गेले सहा महिने त्यांचा आवाज जड झाला होता. वरचा सूर लागेना, लागला तर फाटे. शिवाय अंग सुस्त, वजन वाढतंय, भर उन्हाळ्यात पायांत मोजे, आणि कंगव्यात रोज मूठभर केस. त्यांच्या डॉक्टरांनी थायरॉईडची तपासणी लिहून दिली. सुईताईने रक्त नेलं. रिपोर्ट आला: थायरॉईड भलताच जोरात चाललाय. म्हणजे माणूस कसा हवा? वाळलेला, घामाघूम, छातीत धडधड, एका जागी न बसणारा. आणि समोर गाण्याच्या बाई शाल पांघरून जांभया देतायत. डॉक्टर बुचकळ्यात पडले, म्हणाले पुन्हा करा. पुन्हा सुईताईच गेली, पुन्हा तोच रिपोर्ट.

मग बाईंनी रिक्षा केली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाच्या लॅबमध्ये जाऊन रक्त दिलं. तिथला रिपोर्ट बरोब्बर उलटा: थायरॉईड झोपलेला.

मंगळवारी सकाळी त्या तिन्ही कागद घेऊन लॅबमध्ये आल्या. आवाज बसलेला असला तरी तीस वर्षांची सवय होती, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जात होतं. "माझं रक्त दोनदा नेलं आणि दोनदा दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट माझ्या हातात ठेवला. मला नसलेल्या रोगाच्या गोळ्या खायला लागल्या असत्या."

लॅबचे मालक डॉक्टर होते. स्वभावाने वाईट नव्हते, पण आरडाओरड झाली की ज्याच्या अंगावर कोट नाही त्याच्याकडे बघायचे. त्यांनी मशीनकडे बघितलं नाही. मशीनचा साफसफाईचा चार्ट भरलेला होता, मशीन महाग होतं. त्यांनी सुईताईकडे बघितलं.

"ताई, हे काय?"

"नळी बदललेली नाही," ती म्हणाली. "बाईंनी दोन्ही वेळा नाव वाचलंय. विचारा त्यांना."

"वाचलं," बाई म्हणाल्या. "पण त्यानंतर दिवसभर त्या पिशवीत काय घडलं ते मी बघितलेलं नाही."

"बरं, बदलली," सुईताई म्हणाली. तिचा आवाज आता चढायला लागला होता. "मग दोन्ही वेळा, तीन आठवड्यांच्या अंतराने, त्याच एका रोग्याच्या नळीशी बदलली का? इतका नेम मला साधत असता तर मी लॅबमध्ये कशाला राहिले असते, सर्कशीत गेले असते."

मागे कुणीतरी फसकन हसलं. डॉक्टरांना ते आवडलं नाही. बाई गेल्यावर त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं की नमुना घेताना माझ्याकडून चूक झाली असावी, त्याबद्दल मी दिलगीर आहे.

"सही करा, विषय संपेल. 'असावी' लिहिलंय. झाली असं म्हटलेलं नाही."

"असावी कशी असेल? झाली तरी असेल नाहीतर नसेल."

"ताई, शनिवारपर्यंत विचार करा. सही नाहीतर पिशवी जमा. माझ्या लॅबच्या नावाचा प्रश्न आहे."

"लॅबला नाव आहे," ती म्हणाली, "मला काय नंबर आहे?"

आणि पिशवी उचलून बाहेर पडली. स्कूटरला किल्ली लावताना मनात आलं: ही पिशवी गेली तर दुसरी कुठली लॅब नळ्या बदलणाऱ्या बाईला ठेवील? नवरा लोखंडी फाटकं बनवायच्या कारखान्यात होता, घर त्यावरही चाललं असतं. पण गल्लीगल्लीतून लोक ओळखतात ते काय फाटकवाल्याची बायको म्हणून नव्हे.

त्या दिवशी जेवताना ती नुसता भात चिवडत होती. सासूने काय झालं म्हणून दोनदा विचारलं, मग सरळ तिसऱ्यांदा न विचारता ताटाशेजारी बसकण मारली. सासू सत्तरीची, ठणठणीत, आणि तसं सांगत फिरणारी. शेजारपाजारच्या बायकांना तिचं एकच सांगणं असे, की मला औषध म्हणून एक गोळी नाही.

जेवण झाल्यावर सासूने फळीवरचा डबा काढला. त्यातून गुडघ्यांसाठी एक लांबट कॅप्सूल, हाडांसाठी एक पांढरी गोळी, डोळ्यांसाठी एक लाल, पोट साफ होण्यासाठी चमचाभर भुकटी आणि ताकदीसाठी बाटलीतलं काहीतरी तपकिरी. एकापाठोपाठ एक, सराईतपणे.

सुईताई बघत राहिली. रोज बघत होती. आज दिसलं.

"आई, तुम्ही काय काय औषधं घेता?"

"मी? एकही नाही."

"मग हे आत्ता काय गेलं पोटात?"

"हे होय?" सासू म्हणाली. "हे औषध कुठंय? हे ताकदीचं आहे. औषध आजाऱ्याला लागतं."

सुईताईने हातातला पेला खाली ठेवला. एकोणीस वर्षं ती प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारत आली होती: औषध कोणतं चालू आहे? गाण्याच्या बाईंनाही विचारला होता. बाई ताठ मानेने म्हणाल्या होत्या, "काही नाही." आणि तिने फॉर्मवर रेघ मारली होती.

बुधवारी फेरी संपवून ती गाण्याच्या बाईंच्या दारात उभी राहिली. बेल एकदाच. बाईंनी दार उघडलं आणि तिला बघून अर्धं पुन्हा लावलं.

"माफी मागायला आलीस का?"

"नाही."

"मग?"

"एक प्रश्न मी नीट विचारला नव्हता. तो विचारायला आले. उत्तर दिलंत की जाते, मग लावा दार."

बाईंना बहुधा प्रश्न नीट विचारायला परत आलेला विद्यार्थी तीस वर्षांत भेटला नव्हता. त्यांनी दार उघडं ठेवलं. खोलीत पंखा बंद, खिडकी बंद, खुर्चीवर लोकर. पेटीवर कापड टाकलेलं होतं आणि कापडावर धूळ. सुईताईच्या ते लक्षात आलं.

"बाई, औषध सोडून तुमच्या पोटात काय काय जातं? अन्न नाही, पाणी नाही. गोळी, भुकटी, बाटली, काहीही. कुणी फुकट दिलेलं, टीव्हीवर बघून आणलेलं, शेजारणीने सांगितलेलं."

"मी असलं काही खात नाही. एक ते केसांचं सोडलं तर."

"केसांचं काय?"

बाई आत गेल्या आणि एक जाड डबी घेऊन आल्या. डबीवर लांबसडक केसांची एक बाई हसत होती. "पार्लरवालीने दिल्या. केस फार गळायला लागले म्हणून. रोज दोन. पण हे औषध नव्हे, जीवनसत्त्व आहे. जीवनसत्त्वाने कुणाचं वाईट झालंय का?"

डबीच्या पाठीवर बारीक अक्षरांत घटक लिहिले होते. पहिलंच नाव बायोटिन. पुढचा आकडा भलामोठा. सुईताईने मोबाइलवर त्याचा फोटो काढला. "ही डबी मी यायच्या आत संपवू नका," ती म्हणाली आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली.

लॅबच्या मागच्या खोलीत मशीनवाले काका बसत. हॉर्मोन मोजणाऱ्या यंत्रापाशी बारा वर्षं काढलेला माणूस. कमी बोलणारा, कारण यंत्र बोलत नाही आणि माणसं फार बोलतात. तिने फोटो पुढे धरला. काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, बायोटिन हा शब्द वाचला आणि सरळ कपाटाकडे गेले. तपासणीच्या रसायनांच्या खोक्यातून त्यांनी घड्या घातलेला एक पातळ कागद काढला. असा कागद प्रत्येक खोक्यात येतो आणि प्रत्येक खोक्याबरोबर कचऱ्यात जातो. भिंग घेऊन दहा मिनिटं वाचल्यावर ते म्हणाले, "आपण गाढव आहोत."

"तुम्ही असाल," सुईताई म्हणाली. "मला आधी कळू दे काय झालं."

"हे बघ. डोक्यातली ग्रंथी मानेतल्या थायरॉईडला हाका मारते, ऊठ, कामाला लाग. त्या हाकेचं नाव टीएसएच. थायरॉईड आळसावला की हाका वाढतात, म्हणून टीएसएच वाढतो. थायरॉईड जोरात असला की हाक मारायची गरज नाही, टीएसएच खाली. इतपत तुला माहितीय."

"सासूच्या हाकांवरून माहितीय. पुढे."

"त्या हाका मोजायला आपलं मशीन एक चिकट जोडी वापरतं. एक बाजू दुसरीला घट्ट धरते आणि मधे हॉर्मोन सापडतो. त्या जोडीतली एक बाजू म्हणजे बायोटिन. आता तुझ्या बाईंच्या रक्तातच बायोटिनचा पूर. रुमाल टाकून जागा अडवल्यासारखं होतं, सगळ्या चिकटायच्या जागा त्यानेच धरलेल्या. टीएसएच रक्तात ओरडतोय, पण त्याला बसायला जागा नाही. मशीन म्हणतं, टीएसएच नाहीच. आणि थायरॉईडचा स्वतःचा हॉर्मोन वेगळ्या पद्धतीने मोजतात, तो ह्याच कारणाने उलटा फुगून दिसतो."

"आणि त्या दुसऱ्या लॅबला बरोबर कसा दिसला?"

"त्यांचं मशीन वेगळ्या कंपनीचं. त्यात ही जोडी नाही."

ती स्टुलावर बसली. मग सावकाश म्हणाली, "म्हणजे थायरॉईड झोपला म्हणून केस गळले. केस गळले म्हणून बाईंनी गोळ्या घेतल्या. आणि गोळ्यांनी झोपलेला थायरॉईड धावताना दाखवला."

"हो."

"बाईंनी खायचं केसांसाठी आणि शिव्या खायच्या मी."

काका म्हणाले की हे आत्ता डॉक्टरांना सांगून उपयोग नाही, ते म्हणतील कागदावरची गोष्ट आहे, सिद्ध करा. कागदावर लिहिलं होतं, मोठा डोस असेल तर गोळी थांबवून निदान तीन दिवस जाऊ द्यावेत. बुधवार दुपार. शनिवारी दुपारी तीन दिवस भरत होते. पण त्यासाठी गाण्याच्या बाईंनी गोळ्या थांबवायला हव्या होत्या आणि हात पुन्हा त्याच सुईपुढे धरायला हवा होता.

ती तशीच परत बाईंकडे गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग डबीवरच्या हसऱ्या बाईकडे बघितलं.

"आणि तीन दिवसांत राहिलेले केस गळले तर?"

"तीन दिवसांत टक्कल पडत नाही, बाई."

"तुझं खोटं निघालं तर?"

"तर शनिवारी पिशवी जमा. मग तुमच्या दारात परत कोण येतंय?"

बाईंनी डबी टेबलावर ठेवली. "माझा वरचा सूर गेलाय," त्या एकदम म्हणाल्या. भांडणाचा सूर त्यात अजिबात नव्हता. "सगळे म्हणतात वय झालं. मला वाटायचं, वय असं सहा महिन्यांत होतं का?"

"नाही होत," सुईताई म्हणाली. "थांबवा गोळ्या."

गुरुवार, शुक्रवार तिने फेऱ्या केल्या. शुक्रवारी डॉक्टरांनी दारातून विचारलं, "विचार झाला का?" ती म्हणाली, "चालू आहे." टेबलावर तो कागद तसाच होता, वर पेन ठेवलेलं.

शनिवारी दुपारी ती बाईंकडे गेली. एरवी तिने थायरॉईडचं रक्त सकाळीच घेतलं असतं, पण आज तास मोजलेले होते. डबी टेबलावर होती, झाकणावर बाईंनी चिकटपट्टी लावली होती. स्वतःवरच पहारा. शीर सापडायला वेळ लागला. बाईंचे हात गारठून आखडलेले होते. रक्त नळीत उतरलं, लेबल लागलं, नळी बाईंच्या हातात गेली. बाईंनी नाव वाचलं आणि मग म्हणाल्या, "चल, मी पण येते. ह्या वेळी पिशवी मी बघणार आहे."

स्कूटरवर मागे बसून, निळी पिशवी दोन्ही हातांनी मांडीवर धरून गाण्याच्या बाई लॅबमध्ये आल्या. काकांनी त्यांच्यासमोर नळी फिरत्या यंत्रात गरगर फिरवली, त्यांच्यासमोर मशीनमध्ये घातली. मग वाट बघणं. डॉक्टर दोनदा डोकावून गेले. सुईताईने तेवढ्यात दोन वेळा फरशीवरच्या लाद्या मोजल्या. आडव्या चोवीस, उभ्या एकतीस.

आकडा आला तेव्हा काकांनी सगळ्यांना दिसावा म्हणून खुर्ची बाजूला सरकवली. टीएसएच वर, चांगलाच वर. थायरॉईडचा हॉर्मोन खाली. दुसऱ्या लॅबच्या कागदाशी जवळजवळ जुळणारा.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, खोक्यातला पातळ कागद वाचला, पुन्हा रिपोर्ट वाचला. मग सुस्कारा टाकून म्हणाले, "बरं झालं. म्हणजे कुणाचीच चूक नाही. संपला विषय."

"नाही संपला," सुईताई म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठी एक कागद टाइप केला होता. आता दुसरा करा. नळी बदललेली नव्हती, एवढं लिहा. खाली सही तुमची. आणि 'नसावी' नको."

"ताई, त्याची काय गरज?"

"मंगळवारी गरज होती ना कागदाची?"

डॉक्टर गाण्याच्या बाईंकडे वळले, बहुधा त्या मोठ्या माणसासारखं काहीतरी समजुतीचं बोलतील ह्या आशेने. बाई म्हणाल्या, "शुद्धलेखन मी तपासते."

कागद टाइप झाला. डॉक्टरांनी सही केली, आणि त्यांच्या बाजूने हेही सांगितलं पाहिजे की सही करताना त्यांचे कान लाल झाले होते. माणूस अगदीच वाया गेलेला नव्हता. सुईताईने कागद वाचला, घडी घातली, पिशवीत ठेवला. जायला वळली आणि थांबली. हा भाग तिला गिळायला कठीण गेला.

"एक चूक मात्र होती. माझी," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं चुकीचा प्रश्न विचारला. फॉर्मवर 'औषध' लिहिलंय ते खोडा. तिथे लिहा, पोटात काय काय जातं. आणि उत्तर नुसतं ऐकायचं नाही, डबी बघायची."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. काका म्हणाले की खोक्यातले कागद ते आता फाइलला लावतील. बाईंना त्यांच्या डॉक्टरांनी सोमवारपासून थायरॉईडची गोळी सुरू केली, सकाळी उपाशीपोटी, अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही, आणि दीड महिन्याने पुन्हा तपासणी, त्या दिवशी गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. आवाज लगेच येणार नव्हता. पण पेटीवरची धूळ त्यांनी त्याच आठवड्यात पुसली.

सोमवारी सुईताईची पहिली बेल नेहमीच्या आजोबांकडे होती, आपलं नाव पाठ असणाऱ्या. तिने नवा प्रश्न विचारला. आजोबा म्हणाले, "काही नाही." ती म्हणाली, "डबे काढा." आजोबा आणि आजी उठले. फळीवरून, उशीखालून, कोटाच्या खिशातून, फ्रीजच्या दारातून एक एक वस्तू टेबलावर यायला लागली. अकरावी बाटली आली तेव्हा लॅबमधून फोन आला: दुसरं घर वाट बघतंय, ताई कुठे आहेत?

"पहिल्याच घरी," तिने फोन खांद्याने धरला आणि बाटलीवरचं नाव लिहून घेत म्हणाली. "आज सगळ्यांनाच उशीर होणार आहे. सांगून ठेवा."